गोल्डन रिट्रीव्हरचे केस: कंगवा कातडीपर्यंत पोचू द्या

एप्रिल लागला की सोसायटीच्या फाटकाशी कोणी ना कोणी मला थांबवतंच. "अहो ताई, एवढ्या उकाड्यात ह्या बिचारीला केसांचं ओझं कशाला? भादरून टाका की एकदा!" विचारणाऱ्याला बुंदीची दया आलेली असते, म्हणून मीही दर वेळी उभी राहून नीट उत्तर देते. बुंदी आमची गोल्डन रिट्रीव्हर, वय वर्षं ७. तिचे केस, कान, नखं सगळं मी घरीच बघते. सुरुवातीला चुका झाल्या, त्यातली एक तिला चांगलीच भोवली. ती पुढे सांगतेच.

ज्यांच्या घरी गोल्डनचं पिल्लू नुकतंच आलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लॅब्रॅडॉर असेल तरी तत्त्व तेच, फक्त केस आखूड असल्यामुळे गुंता होत नाही आणि रबरी ब्रशनं बरंच काम भागतं.

आधी कोट समजून घ्या

ही जात मूळची स्कॉटलंडची. इन्व्हरनेसशायरमधल्या एका जमीनदारानं, जे पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झाले, नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली. १८६८ मध्ये त्यांना झालेल्या पिल्लांपासून आजचा गोल्डन घडत गेला. बंदुकीनं पाडलेली पाखरं गारठलेल्या पाण्यातून आणि काट्याकुट्यांतून उचलून आणणं हे त्याचं काम. त्या कामाला साजेसा कोट त्याच्या अंगावर आहे: आत कातडीलगत दाट, मऊ लव आणि तिच्यावर लांब, जरा राठ, पाणी निथळून टाकणारे केस. कुत्रेवाले याला डबल कोट म्हणतात आणि आतल्या लवेला अंडरकोट.

हा कोट मला शाकारलेल्या छपरासारखा वाटतो. पेंढा नीट रचलेला असेल तर पाऊस आत येत नाही आणि वैशाखातही घरात गारवा राहतो. गोल्डनच्या अंगावर वरचे केस ऊन अडवतात, आणि आतली मेलेली लव वेळच्या वेळी काढलेली असेल तर केसांमधून हवा खेळती राहते. तीच लव साचून नमद्यासारखी झाली की मात्र हवाही जात नाही आणि ओलही सुकत नाही. उन्हाळ्यात त्याला जाच होतो तो या साचलेल्या लवेचा.

आता भादरण्याबद्दल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो गार होतो मुख्यतः धापेनं, जीभ बाहेर काढून. थोडा घाम पंजांच्या गाद्यांना येतो, तेवढाच. त्यामुळे केस काढून त्याला आपल्यासारखं "मोकळं" वाटेल ही समजूत चुकीची आहे. उलट गोऱ्या, नाजूक कातडीवर थेट ऊन पडतं. शिवाय भादरल्यावर लव लवकर उगवते आणि वरचे केस सावकाश येतात. कधी कधी काही भागात ते महिनोन्‌महिने येत नाहीत, कोट कापसासारखा पिंजलेला आणि ठिगळाठिगळांचा राहतो. ऑपरेशनसाठी किंवा जखमेसाठी डॉक्टरांनी केस काढले तर प्रश्नच नाही, ते काढावेच लागतात. पण उकाड्यावरचा उपाय म्हणून मशीन फिरवू नका. त्याऐवजी फेरी सकाळी ७ च्या आत आटपा, दुपारी पंख्याखालची फरशी मोकळी ठेवा, पोट आणि पंजे ओल्या फडक्यानं पुसा.

सामान किती लागतं?

फार नाही. बाजारात ढीगभर वस्तू दिसतात, पण माझ्या हाताशी रोज लागणाऱ्या मोजक्याच आहेत.

पहिला, स्लिकर ब्रश: बारीक, टोकाशी वाकलेल्या तारांचा. दुसरा, लोखंडी कंगवा, ज्याचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात. तिसरी, अंडरकोट रेक, म्हणजे बोथट दातांची छोटी दाताळी. ही केस गळतीच्या दिवसांतच लागते. त्याशिवाय नखं कापायचं कटर, रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर, आणि पंज्यांसाठी बोथट टोकाची लहान कात्री.

पैसे वाचवायचे असतील तर बाकी कुठेही वाचवा, कंगव्यावर नको. ब्रश फसवतो, कंगवा फसवत नाही. ब्रशनं वरून कोट फुलून चमकायला लागतो आणि आत कातडीशी गुंता तसाच असतो. कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता निघाला तरच तो भाग झाला असं धरायचं. धारदार पात्याची जी "शेडिंग" अवजारं मिळतात ती मी वापरत नाही. जोर लावून फिरवली तर ती मेलेल्या लवेबरोबर वरचे चांगले केसही तोडतात.

पिल्लापासून सवय

पिल्लाचा कोट नुसता कापूस असतो, त्याला विंचरण्यासारखं फारसं काही नसतं. साधारण सहाव्या महिन्यापासून मोठेपणीचे केस दिसायला लागतात, आधी शेपटीवर आणि पाठीच्या कण्यावरून एक गडद पट्टा. पुढचे काही महिने ते ध्यान जरा विचित्रच दिसतं. घाबरू नका, भरगच्च कोट यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

पण सवय लावायची ती पहिल्याच आठवड्यापासून. रोज दोन मिनिटं. पंजा हातात घ्या, बोटं वेगळी करून बघा, कान उलटा करा, ओठ उचलून दात बघा, ब्रश दोन-चार वेळा फिरवा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. पिल्लू वैतागायच्या आधी थांबायचं. हीच दोन मिनिटं पुढे ३० किलोच्या कुत्र्याला तासभर आडवं ठेवतात.

विंचरायचं कसं

आठवड्यातून दोन ते तीन वेळा, अर्धा तास. गळतीच्या दिवसांत रोज. ही गळती दिवसाच्या लांबीनुसार वर्षातून दोनदा जोर धरते, पण आपल्याकडे घरात रात्री उशिरापर्यंत दिवे आणि थंडी जेमतेम, त्यामुळे थोडेफार केस बाराही महिने पडतात. बुंदीचा जोर होळीच्या आणि दिवाळीच्या सुमारास असतो. त्या दिवसांत एका बैठकीत किराण्याची पिशवी भरून लव निघते.

कुत्र्याला एका कुशीवर झोपवा. एका हातानं केस वरच्या बाजूला उचलून धरा, म्हणजे खाली कातडीची एक पांढरट-गुलाबी रेघ दिसेल. त्या रेघेच्या खालची जेमतेम बोटभर केसांची ओळ स्लिकरनं मुळापासून खाली विंचरा. मनगट हलकं हवं. तारा कातडीला टेकल्या पाहिजेत, खरवडल्या नाही पाहिजेत. स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर ब्रश फिरवून बघा, किती जोर सोसतो ते कळेल. ती ओळ झाली की वरच्या केसांतली पुढची ओळ खाली सोडा, नवी रेघ पाडा, पुन्हा तेच. पोटापासून सुरुवात करून पाठीच्या कण्याकडे असं चढत जायचं. मग कंगवा घालून तपासणी. कुठे अडला तर ओढू नका, तेवढ्यापुरता परत ब्रश.

रेघ पाडण्याचा दुसरा फायदा असा की प्रत्येक ओळीला कातडी डोळ्यांसमोर येते. कोंडा, लालसर ठिपका, गोचीड, छोटी गाठ, सगळं याच वेळी दिसतं. माझ्या मते विंचरण्याचा निम्मा उपयोग हाच आहे.

गुंता ठरावीक जागी होतो: कानांच्या मागे, काखेत, गळपट्ट्याखाली, मांड्यांच्या मागच्या झुपक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी. कानामागचे केस तर इतके तलम असतात की दोन दिवस हात लागला नाही तर वाटाण्याएवढी गाठ बसते. अशी गाठ आधी बोटांनी मोकळी करा, टोकाकडून मुळाकडे. मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरा म्हणजे कातडी ताणली जात नाही. मग कंगव्याचे विरळ दात. सुटतच नसेल तर कापा, पण आधी गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवा आणि कात्री कंगव्याच्या वर चालवा. कातडी गाठीत ओढली गेलेली असते, कात्री नेमकी तिथेच लागते. तळहाताएवढ्या जटा झाल्या असतील तर घरी प्रयोग नको, ग्रूमरकडे किंवा डॉक्टरांकडे जा.

एक नियम मात्र पाळाच: आधी विंचरणं, मग अंघोळ. गुंता भिजला की आवळतो, आणि वाळल्यावर तो कात्रीनंच निघतो.

अंघोळ, आणि खरं म्हणजे वाळवणं

निरोगी गोल्डनला सहा-आठ आठवड्यांनी एकदा अंघोळ पुरते. मधल्या काळात चिखल लागलाच तर वाळू द्या, मग विंचरा, बहुतेक सगळा झडून जातो. दर रविवारी अंघोळ घालणारी घरं मी बघितली आहेत. कातडीचं नैसर्गिक तेल धुतलं जातं, कोंडा होतो, खाज सुटते, आणि खाज सुटली म्हणून आणखी अंघोळ घातली जाते.

आपला साबण आणि शाम्पू नको. आपली कातडी जरा आम्लधर्मी असते, कुत्र्याची कातडी उदासीनच्या जवळची, म्हणून शाम्पू त्यांच्यासाठी बनवलेलाच घ्या. फिनेल किंवा जखमेची जंतुनाशकं अंघोळीच्या पाण्यात टाकायची पद्धत अजूनही दिसते. ती थांबवली पाहिजे. ती द्रव्यं कातडीला आणि चाटून पोटाला बाधतात. टी-ट्री तेलही कुत्र्यांना विषारी आहे, ते "नैसर्गिक" म्हणून अंगाला लावू नका.

पाणी कोमट. कोट पाणी परतवण्यासाठीच घडलेला आहे, त्यामुळे नुसता मग ओतून आत ओल पोचत नाही. हँड शॉवर कातडीजवळ धरून बोटांनी केस फाकवत भिजवा. शाम्पू मगभर पाण्यात विरघळवून ओता, मानेपासून मागे, चेहरा शेवटी ओल्या फडक्यानं. आणि मग धुणं. पाणी स्वच्छ यायला लागलं की आणखी तेवढाच वेळ धुवा. छातीच्या खाली आणि काखेत राहिलेला शाम्पू हे खाजेचं फार साधं कारण असतं.

आता मी केलेली चूक. बुंदी ४ वर्षांची होती, जुलै महिना. पावसात मनसोक्त भिजून आली. मी दोन पंचे घेऊन खसाखसा पुसलं, वरून हात फिरवला, कोरडी लागली, सोडून दिली. तिसऱ्या दिवशी ती उजव्या कानाखाली सारखी खाजवायला लागली. केस बाजूला केले तर पाच रुपयांच्या नाण्याएवढा लाल, ओला, चिकट चट्टा, आणि त्याला आंबूस वास. उद्या नेऊ म्हटलं. संध्याकाळपर्यंत तो माझ्या तळहाताएवढा झाला होता आणि तिथे बोट लावलं तर ती कळवळत होती. याला हॉट स्पॉट म्हणतात. लव ओली राहते, खाली कातडी भिजून मऊ पडते, जंतू वाढतात, कुत्रं खाजवून-चाटून ते आणखी पसरवतं. डॉक्टरांनी भोवतालचे केस काढले, जागा स्वच्छ केली, औषधं दिली, गळ्यात शंकू घातला. दहा दिवस ती त्या शंकूनं दारांच्या चौकटींना धडकत होती. गोल्डनमध्ये हा त्रास नेहमी दिसणारा आहे आणि आपला पावसाळा त्याला पोषक. असा चट्टा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तेल, हळद, पावडर काही लावू नका, वर थर बसला की आत ओल कोंडते.

तेव्हापासून मी वाळवायला धुण्याच्या दुप्पट वेळ देते. आधी पंचा दाबून पाणी टिपायचं, रगडायचं नाही, रगडलं की गुंता होतो. मग कुत्र्यांचा ब्लोअर, जो उष्णतेपेक्षा हवेच्या झोतानं पाणी उडवतो. आपला हेअर ड्रायर वापरायचाच तर सर्वांत गार हवेवर, हातभर अंतरावरून, एका जागी न थांबता. झोताबरोबर स्लिकर चालू ठेवा. आणि तपासणी वरून नाही: बोटं केसांत खुपसून काखेत, कानांच्या बुडाशी, मांड्यांच्या आत, शेपटीखाली कातडीला लावा. गार लागली तर ती अजून ओली आहे. पावसाळ्यात मी रोजच्या फेरीला रेनकोट घालते, पण घरी आल्याबरोबर तो उतरवते. आत घाम नसला तरी वाफ धरते.

कान, पंजे, नखं

लोंबते कान म्हणजे आत हवा नाही. आठवड्यातून एकदा कान उलटा करून बघा आणि हुंगा. फिकट गुलाबी, वास नाही, तर छान, काही करू नका. मळ असेल तर डॉक्टरांनी सुचवलेलं इअर क्लीनर आत सोडा, कानाचं बूड बाहेरून अर्धा मिनिट चोळा, त्याला डोकं झटकू द्या, बाहेर आलेलं कापसानं पुसा. कापसाच्या काड्या आत घालू नका, मळ खोल ढकलला जातो. तपकिरी चिकट मळ, आंबट वास, डोकं सारखं झटकणं ही बुरशीच्या संसर्गाची लक्षणं. तिथे घरगुती उपाय चालत नाही.

पंजांच्या गाद्यांमधून केस बाहेर यायला लागले की कुत्रं फरशीवर घसरतं. पंजा वर करून ते केस गादीच्या पातळीला कापा, गादीच्या आत कात्री घालू नका. पंजावरची बोटांमधली झुलपं हवी तर मागून पुढे विंचरून कडेनं छाटा. ह्या आणि टाचांवरच्या छाटणीपलीकडे गोल्डनला कात्री लागत नाही.

नखं तीन-चार आठवड्यांनी. चालताना फरशीवर टकटक ऐकू आली की वाढली समजा. नखाच्या आत रक्ताची शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही, म्हणून तांदळाएवढा तुकडा काढत जा आणि कापलेल्या भागाकडे बघा. मध्यभागी गडद ओलसर ठिपका आला की थांबा. चुकून लागलंच तर स्टिप्टिक पावडर दाबून धरा, नसेल तर कॉर्नफ्लोअर. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचं वरचं नख जमिनीला टेकत नाही, ते झिजत नाही, आणि सगळ्यांच्या विसरण्यात येतं.

दात घासायचे, तेही कुत्र्यांच्याच पेस्टनं. आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विष आहे.

गोचिड्या आणि कुसळं

पुण्याच्या टेकड्यांवर नेणाऱ्यांनी ही दोन्ही संकटं डोक्यात ठेवावीत. गोचीड चावल्यानं एर्लिकिओसिस, बबेसिओसिस असे रक्ताचे आजार होतात, आणि ते आपल्याकडे भरपूर आहेत. फेरीहून आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानाच्या पाळीच्या आतला भाग, गळपट्ट्याखालची जागा आणि काखा चाचपून बघा. सापडली तर चिमट्यानं कातडीला लागून पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. चुरडू नका, रॉकेल किंवा आगकाडी लावू नका. मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी काय द्यायची ते वजनाप्रमाणे डॉक्टर ठरवतील. थेंब वापरत असाल तर साधारण दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ टाळा, पाकिटावर नेमकं लिहिलेलं असतं. घरात मांजर असेल तर ते आवर्जून सांगा. कुत्र्यांच्या काही औषधांमधलं परमेथ्रिन मांजरांच्या जिवावर बेततं.

पावसाळा संपला की टेकडीवरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाचा आकारच असा की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. केसांत अडकलेलं कुसळ कातडीत, बोटांच्या मध्ये, कानात शिरतं. फिरून आल्यावर जिन्यातच बसून कंगवा फिरवायचा, घरात येण्याआधी. एकाच पंजाचं सतत चाटणं किंवा अचानक एका बाजूला डोकं झुकवणं दिसलं तर कुसळ आत गेलंय असा संशय धरून दाखवून आणा.

कोट बिघडला तर

भरपूर विंचरूनही कोट निस्तेज असेल तर आधी ताटली बघा. आपलं उरलेलं वरण-भात-पोळी एवढ्यावर हा कोट पोसत नाही, त्याला पुरेसं प्रथिन आणि स्निग्ध लागतं. दोन्ही बाजूंना सारखे केस विरळ होणं, शेपटी उंदरासारखी दिसू लागणं, सुस्ती, जास्त न खाता वजन वाढणं हे थायरॉइडकडे बोट दाखवतं. रक्त तपासून घ्या. नसबंदीनंतर काही गोल्डनचा कोट लोकरीसारखा दाट होतो. तो आजार नव्हे, पण विंचरण्याचे दिवस वाढवावे लागतात.

आणि विंचरून निघालेल्या लवेचं काय? पूर्वी मी ती गॅलरीत कुंडीपाशी ठेवायची, बुलबुल घरट्यासाठी चोचीतून न्यायचे, बघायला फार छान वाटायचं. मग लक्षात आलं की बुंदीच्या मानेवर टाकलेलं गोचिडीचं औषध त्याच केसांना लागलेलं असतं आणि उघडी पिल्लं त्याच्यावर झोपणार असतात. आता ती सगळी लव वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात जाते, आणि बुलबुलांसाठी मी नारळाची किशी ठेवते.